गंगुआत्याचे शुक्रवार

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नापास! वयाच्या पंचविशीत, मस्कतमध्ये, चित्रं बघून द्यायच्या परीक्षेत नापास. आठवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, हा प्रकार संपला एकदाचा.

एजन्सीची सिस्टर लिसी केरळची. हिंदी अशी बोलते की प्रत्येक शब्दाला वाटेत ठेच लागते. आम्हा म्हातारे सांभाळणाऱ्या सगळ्यांना तिनं हॉलमध्ये बसवलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली. दंडावर बोटांचे वळ असलेला म्हातारा. हाडं निघालेली म्हातारी. बाहेरून कडी घातलेली खोली. पेशंटला काही विचारलं की भलताच माणूस उत्तर देतो, ते एक. ओळखा, काय चुकतंय? मी पटापट ओळखलं. आमच्या बाबा सालिमच्या खोलीत तर कॅमेराच आहे. नव्वदीचे आहेत, त्यांची कूस बदलायला, न्हाऊ घालायला, भरवायला मला ठेवलंय. माझा हात जरा जोरात लागला तर मुलगा ऑफिसातून फोन करतो. बाबांना हे पक्कं ठाऊक. चहात साखर कमी पडली की कॅमेऱ्याकडे बघून माझी तक्रार करतात.

शेवटचा प्रश्न — घरातल्या म्हाताऱ्याला मारणारं माणूस कोण असतं? मी म्हटलं, सून. सिस्टर म्हणाली, "गलत. कोई भी हो सकता. बेटा, बेटी, नर्स, तुम." म्हटलं, सिस्टर, तुमच्या केरळात असेल. आमच्या रत्नागिरीत सूनच! सगळे खिदळले. ती नाही हसली. फुली मारली. सगळी उत्तरं बरोबर आली तरच सर्टिफिकेट, म्हणून पुन्हा बसायचं.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. दर शुक्रवारचा नेम. गंगुआत्या खाटेवर, उशीला टेकवलेली. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली आणि वाचाही. डावा हात तेवढा चालतो. मी म्हटलं, आत्ये, जेवलीस? वहिनी म्हणाली, "जेवल्या." औषध? "घेतलं." अगो, तिला मान तरी हलवू दे!

मग नीट पाहिलं. केस! आत्याचे केस कापलेत. मानेपर्यंत!

८ फेब्रुवारी

वहिनीला विचारलं. "उवा झाल्या होत्या भावोजी. एकटीला न्हाऊ घालता येईना." छान! लोक उवा झाल्या तर डोकं धुतात. आमच्याकडे शेतच कापतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वहिनीच्या हातातून फोन घसरला. घसरला म्हणजे काय, तिच्या हातात तो सरळ राहतच नाही. कधी छप्पर दाखवते, कधी खाटेचा पाय. पण आज घसरला तो आत्याच्या दंडावर थांबला. निळसर डाग. एकाखाली एक, चार. मी लगेच ओळखलं — पहिलं चित्र!

"वहिनी, हे काय?"

ती दाराकडे बघायला लागली. उत्तर शोधत असणार. तेवढ्यात बाहेरून दादाचा आवाज. आत आला, फोन घेतला. "काय रे मस्कतकर! शेख झालास की नाही अजून?" आमचा संदेशदादा आला की घरात उजेड पडतो. आणि आत्या बघा! इतका वेळ चुळबुळ, डावा हात वरखाली. दादाचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून शांत. "झोपली," दादा म्हणाला. "मी जवळ असलो की लागते तिला झोप."

खरंच आहे. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आत्या नवरा वारल्यावर माहेरी आलेली. तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. माझ्या पायाला भिंगरी, मी मुंबई, गोवा, आता मस्कत. तिच्याजवळ राहिला तो दादा.

१५ फेब्रुवारी

अक्रमला सांगितलं. अक्रम केळशीचा, इथल्या घराचा ड्रायव्हर. गॅरेजच्या मागे एकाच खोलीत राहतो आम्ही. मी जिल्हा सोडून एवढा लांब आलो तर शेजारी कोण मिळालं? जिल्ह्यातलाच.

म्हणाला, "नित्या, तुला परीक्षा बाधली. आता तुला सगळीकडे वळच दिसणार. काल माझ्या मानेकडे पण बघत होतास."

बघत होतो. मच्छर चावला होता त्याला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाशी एकट्याशी बोललो. तो आंब्यांवर फवारणी करत होता. म्हणाला, "न्हाणीत पडली रे ती. मृणालीचं लक्ष नसतं. मी दिवसभर बागेत. काय काय बघू?" एवढंच. बायकोबद्दल वाईट शब्द नाही! मी म्हटलं, दादा, तू फार सोसतोस. "काय करणार," म्हणाला.

पूर्वी किती तापट होता. फणसाची फांदी घेऊन मला वाडीभर पळवायचा. पाटपाणी करायला उशीर झाला म्हणून एकदा आत्यावरही पाट उगारला होता. आता बघा. माणूस निवळतं.

सिस्टरला विचारलं, इंडियात कुणी असं करत असेल तर सांगायचं कुणाला? म्हणाली, "इंडिया में भी नंबर है. बुजुर्ग लोग का." मोबाइलमध्ये शोधून दिला. एक चार पाच सहा सात. मी पाठ केला. पाढे नाही पाठ झाले कधी, हे झालं!

१४ मार्च

शिमगा! दादानं व्हिडिओ पाठवला. वाडीत पालखी नाचतेय, पुढच्या दांड्याला दादा. गुलाल, घाम, ढोल. बाबांना दाखवला. त्यांनी विचारलं, खांद्यावर कोण आहे? म्हटलं, देव. आणि खाली? म्हटलं, माझा भाऊ. बाबांनी मान डोलवली. मी इथे डायपर बदलतोय आणि तो देव नाचवतोय. आत्यानं वाढवलेल्या दोघांत एक तरी बरा निघाला.

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा मी आत्याला शोधत होतो. दरवर्षी नारळ काढून पहिली उभी असायची ओटीवर. यंदा धरून तरी आणतील म्हटलं. नाही दिसली. दादाला विचारलं तर म्हणाला, "अरे मृणालीनं तयारच नाही केलं तिला."

देव दारात आणि म्हातारी आत. वहिनीचं काळीज बघायला पाहिजे एकदा. आहे का ते.

२८ मार्च, शुक्रवार

अक्रम ईदला घरी चाललाय, दोन महिने. त्याच्या बॅगेत माझं पार्सल कोंबलं — दूध पावडर, बाम, मोठ्या माणसांचे डायपर, मऊ टॉवेल, खजूर. त्याच्या अम्मीचं सामान काढून माझं घातलं. "तुझ्या आत्यामुळे माझी अम्मी मला घरात घेणार नाही," म्हणाला. तरी घेतलं.

त्याला म्हटलं, पार्सल द्यायला तू स्वतः जा. डोळे उघडे ठेव.

"म्हणजे मी पोलीस?"

म्हटलं, तू माणूस. तेवढं पुरे.

४ एप्रिल, शुक्रवार

अक्रम जाऊन आला. बाईक घेऊन दाभोळला फेरीबोटीत चढला, खाडी ओलांडून वेळणेश्वरच्या बाजूला आमच्या वाडीत. मी फोन धरून बसलेलो.

"नित्या, घावणे! काय घावणे घातले तुझ्या वहिनीनं! आणि सुरमई. तुझ्या भावानं सोडलंच नाही मला."

"आत्या कशी आहे?"

"एकदम फर्स्टक्लास. नवी साडी. तोंडाला पावडर!"

"पावडर?"

"हां. आणि उदबत्ती लावलेली खोलीत."

मी विचारलं, जायच्या आधी फोन केलेलास? तर म्हणाला, "म्हणजे? पार्सल घेऊन कुणी असंच जातो काय? आदल्या दिवशी केला, सकाळी निघताना केला, बोटीत चढताना केला."

झालं! आखातातून पार्सल नेणारा आधी फोन करतो. न सांगता गेला तर घरच्यांची फजिती, पाहुणा उपाशी. एवढी सुंदर रीत आमची. इथे सिस्टर लिसी तपासणीला कधीही दार वाजवते, बाबा संडासात असले तरी. काय शिष्टाचार नाही त्या बाईला!

म्हटलं, अक्रम, परत जा. फोन न करता.

"आणि काय सांगू? घावणे आवडले?"

"सांग, टॉवेल द्यायचा राहिला."

६ एप्रिल

अक्रम गेला. आज त्याच्या फोनमध्ये थट्टा नव्हती.

पुढच्या दाराला कुलूप. हाका मारल्या, कुणी नाही. वळसा घालून मागच्या पडवीत गेला. गजातून पाहिलं. आत्या खाटेवर, आडवी. अंगाखालचं सगळं ओलं. पाण्याचा तांब्या खिडकीच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही असा. माश्या. "अल्ला कसम नित्या, माझी अम्मी असती तर मी कुलूप फोडलं असतं." त्यानं "आत्या" म्हणून हाक मारली तर तिनं डाव्या हातानं खाटेचा दांडा वाजवायला सुरुवात केली. थांबेचना. त्यानं गजातून हात घालून तांब्या तिच्या डाव्या हाताशी पोचवला. सांडला अर्धा. उरलेला ती प्यायली.

शेजारचा लवू आला कोण आहे बघायला. त्यानं सांगितलं, "मृणाली सकाळीच काजूच्या कारखान्यात जाते. संदेशनंच कामाला लावली. किल्ली संदेशकडे. दुपारचा येतो कधी, कधी नाही."

बाहेरून कडी! तिसरं चित्र.

बिचारा दादा. बायको उंडारते म्हणून त्याला म्हातारीला कुलूप घालून बागेत जावं लागतं.

७ एप्रिल

नंबर लावला. इथून लागेना म्हणून अक्रमनं घरून लावला आणि दुसऱ्या फोनवर मला धरलं. दोन फोन एकमेकांच्या कानाला लावून बोलणं चाललेलं. बाई चांगल्या होत्या. आवाज चढवला नाही. मी वळ सांगितले, केस सांगितले, कुलूप, ओली गादी, तांब्या. सगळं लिहून घेतलं. परीक्षेत एवढं बरोबर आलं असतं तर!

मग विचारलं, "त्रास कोण देतं?"

"वहिनी."

"तुम्ही किंवा तुमच्या मित्रानं पाहिलंय तिला मारताना?"

"मॅडम, घरात सून एकच आहे."

"संशय म्हणून लिहू?"

"संशय नको. नाव लिहा. मृणाली."

म्हणाल्या, आमचं माणूस येऊन आजींना एकट्यांना भेटेल. तोवर घरात कुणाला सांगू नका. कुणालाच.

बरोबर आहे. वहिनी सावध व्हायची. मी फक्त दादाला सांगितलं. त्याला बिचाऱ्याला अंधारात कशाला ठेवायचं? बायकोची गोष्ट आहे. ऐकून म्हणाला, "बरं केलंस."

९ एप्रिल

मिटलं!

पोलीस पाटील रघूअण्णांचा फोन. आमच्या नात्यातलेच. "नित्या, मेल्या, सरकारला कशाला बोलावतोस? वाडी मेली काय?" दादानं कालच वाडीची बैठक लावली. माझी तक्रार वाचून दाखवली — म्हणजे तोंडी सांगितली — मस्कतवरून धाकट्या भावानं केलेली. सगळे गहिवरले म्हणे. एवढ्या लांबून आत्याची काळजी! वहिनीला उभी केली. ती काहीतरी बोलायला लागली तर बायकांनी गप्प केली. सुनेचं नाव घेतलं की पुरावा कुणी मागत नाही, काम कसं झटपट होतं! देवरूखहून तिचा भाऊ बोलावला आणि माहेरी रवाना.

"आणि गंमत ऐक," अण्णा म्हणाले. "ती बॅग घ्यायला आत गेली तर म्हातारीनं तिची ओढणी अशी धरली, अशी धरली, सोडीचना! दोघी बायकांनी एकेक बोट सोडवलं. केवढा राग म्हातारीच्या मनात!"

हसत होते. मीही हसलो.

हेल्पलाइनचं माणूस यायचं होतं. अण्णांनी त्यांना कळवलं, घरातल्या घरात मिटलं, येऊ नका.

१० एप्रिल

वहिनीचा व्हॉइस मेसेज आला. लांबलचक. ऐकला नाही. आता काय सांगणार, उवा होत्या? ब्लॉक.

११ एप्रिल, शुक्रवार

आज फोन दादानं धरला. सरळ! छप्पर नाही, खाटेचा पाय नाही, फक्त आत्याचं तोंड. चादर नीट गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. मी हाक मारली, हालली नाही. दादा म्हणाला, झोपू दे. खरंय, किती दिवसांची झोप राहिली असेल.

फोन ठेवल्यावर बाबांची कूस बदलली. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेनात. राग आला काय, विचारलं. नाही म्हणाले. भीती वाटते कधी कधी, तू सोडून जाशील म्हणून, बहारीनला. बहारीनला नोकरी बघतोय हे कुणी सांगितलं यांना? तो अक्रम!

१७ एप्रिल

पास! शेवटच्या प्रश्नाला सिस्टरला हवं ते उत्तर दिलं — कोई भी. तिनं विचारलं, "समझ के बोला, या पास होने के लिए?" म्हटलं, पास होने के लिए. तरी खूण केली बरोबरची. सर्टिफिकेटवर माझा फोटो आहे, टाय घातलेला. टाय अक्रमचा नाही, सिस्टरकडचा, सगळ्यांना तोच एक.

दादाला पाठवला फोटो. त्यानं अंगठा पाठवला.

१८ एप्रिल, शुक्रवार

झोपलेली.

२१ एप्रिल

अक्रमला म्हटलं, जाऊन ये एकदा. म्हणाला, कालच गेलो, न सांगता. कुलूप. "पण आता वहिनी नाही ना तुझी. मग कुलूप कशाला?"

म्हटलं, दादा बागेत असेल. आंबा उतरवायचे दिवस. माणूस एकटा किती बघणार.

"हां," म्हणाला. पुढे बोलला नाही. अक्रम पुढे बोलला नाही म्हणजे काहीतरी आहे.

रात्रभर नाही, पण बराच वेळ मनात तेच. वहिनी कामाला गेलेली असायची तेव्हा किल्ली कुणाकडे होती? दादाकडे. वहिनी गेली. किल्ली कुणाकडे आहे?

छे! काय पण विचार. परीक्षा पास झाल्यावर तरी सुटायला पाहिजे होतं हे खूळ.

२५ एप्रिल, शुक्रवार

दादानं फोन धरलेला. आत्या झोपलेली. तेवढ्यात आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो आला, दादानं फोन उशाशी टेकवला आणि बाहेर ओरडत गेला.

आत्यानं डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं. मग डाव्या हातानं चादर खाली ओढली आणि हनुवटी वर केली. गळ्यावर बोटं. लाल. आजची.

अक्रमला तोच नंबर लावायला लावला. बाईंनी तोच प्रश्न विचारला, त्रास कोण देतं? या वेळी कुणाला सांगणार नाही म्हटलं. आणि नाव बदलून घ्या.

"सांगा."

"संदेश."

"आडनाव?"

"माझंच."